वाकडी डहाळी, फुटके घंगाळ

सकाळी बाड्यावर फुलवालीच्या टोपलीपुढे मी उभी राहिले की ती माझ्यापुढे हार करीत नाही. टोपलीच्या मागे ओल्या पोत्याखाली तिने बाजूला टाकलेले जे असते ते ती माझ्याकडे सरकवते. मान मोडलेला झेंडू, उजेडाच्या शोधात वाकडी झालेली कण्हेरीची डहाळी, कीड लागून एकाच बाजूने फुललेली तगर. "बाईजी, आपका कूड़ा," असे म्हणून हसते. प्रथम ती पैसे घेत नसे. आता पाच रुपये घेते. हौसेला मोल असते, हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळते.

हा कचरा घेऊन मी गोरखीच्या भिंतीकडेने घरी येते आणि एखाद्या परातीत, पंचपात्रात किंवा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तो उभा करते. जपानात ह्या उद्योगाला इकेबाना म्हणतात. आमच्या गल्लीत त्याला निरनिराळी नावे आहेत, ती येथे देत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत ओळखीच्या पुष्कळ घरांतून लेकीसुना विचारू लागल्या आहेत की, ते तुमचे जपानी प्रकरण आम्हाला घरच्या घरी करता येईल का? येईल. त्याला जपानी काहीच लागत नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवात तर जे लागले ते सगळे लष्करातच मिळाले, आणि बहुतेक फुकट मिळाले.

गोरखीत राहणाऱ्याला फुलाचे महत्त्व सांगावयास नको. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली येथे तळ दिला आणि त्या तळाचेच लष्कर शहर झाले. गोरखीचा राजवाडा त्या पहिल्या वस्तीतला. पुढे राजकुटुंब दुसऱ्या महालांत राहावयास गेले, वाड्यात कचेऱ्या आल्या, शाळा आली (अटलबिहारी वाजपेयी लहानपणी ह्याच गोरखीच्या शाळेत शिकले), पण देवघर येथेच राहिले. त्या देवघरात बीडचे मन्सूरशाह अवलिया ह्यांची गादी आहे. महादजी शिंद्यांची त्यांच्यावर श्रद्धा होती. उरुसाच्या दिवशी शिंदे घराण्यातला कर्ता पुरुष गादीपुढे उभा राहतो आणि वाहिलेले फूल आपोआप खाली पडले म्हणजे आशीर्वाद मिळाला असे मानतात. कोकणातून आलेल्या आमच्यासारख्यांना हे ऐकून देवाला लावलेला कौल आठवतो. एक फूल कधी पडते इकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. त्या क्षणी तेथे शंभर हार असले काय नि नसले काय!

मला वाटते, इकेबाना समजावयाला एवढे पुरे आहे.

तसे पाहिले तर ह्या कलेचे मूळ आपल्याकडचेच. बुद्धमूर्तीपुढे फुले वाहण्याची रीत भारतातून चीनमध्ये, तेथून कोरियामार्गे सहाव्या शतकात जपानात गेली. क्योतो शहरात रोक्काकुदो नावाचे बुद्धमंदिर आहे. तेथले पुजारी देवापुढे फुले मांडीत. त्यांची राहण्याची जागा तळ्याकाठी होती म्हणून त्यांना इकेनोबो म्हणजे तळ्याकाठच्या मठीतले असे नाव पडले. त्यांच्यापैकी सेनकेई नावाच्या पुजाऱ्याने १४६२ साली एका सरदाराच्या घरी फुले रचली आणि ती पाहावयाला क्योतोतले रसिक लोटले, अशी नोंद त्या काळच्या एका भिक्षूच्या रोजनिशीत आहे. इकेनोबो घराणे आजही ती कला शिकवीत आहे. म्हणजे आपल्या गवयांच्या घराण्यांपेक्षाही हे घराणे जुने झाले. फूल देवापासून निघून बैठकीत आले ते असे. आणि बैठकीत आले तरी देवापुढे बसल्यासारखी मांडी घालूनच त्याच्यापुढे बसावे लागते.

मला मात्र ह्या इतिहासातला सर्वांत आवडता पुरुष सेन नो रिक्यू. तो चहाच्या समारंभाचा आचार्य. त्या वेळी श्रीमंतांच्या घरी चीनहून आणलेली ब्राँझची आणि चिनी मातीची पात्रे फुलांसाठी वापरीत. रिक्यूने कात्सुरा नदीवरच्या एका कोळ्याकडे मासे ठेवण्याची टोपली पाहिली, ती मागून घेतली आणि तिच्यात फुले ठेवली. १५९० साली हिदेयोशीने ओदावाराच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा रिक्यू त्याच्याबरोबर छावणीत होता. तेथे त्याने बांबूचे एक पेर तोडून त्याचेच पात्र केले. बांबूला पुढच्या बाजूने चीर गेली होती. पुढे एकदा त्यातून पाणी झिरपून खाली सांडू लागले तेव्हा पाहुण्याने विचारले, हे काय? त्यावर, हे पाणी गळते हेच तर ह्या पात्राचे मोल, अशा अर्थाचे उत्तर मिळाले असे सांगतात. ते चिरलेले बांबूचे पेर आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवले आहे. आमच्या घरी चीर गेलेले भांडे तिसऱ्या दिवशी मोडीत जाते!

दुसरा पुरुष आपल्या अलीकडच्या काळातला. सोफू तेशिगाहारा. त्याचे वडील फुलरचनेचेच शिक्षक, पण जुन्या नियमांवरून बापलेकांचे पटले नाही आणि १९२७ साली सोफूने सोगेत्सु नावाची स्वतःची शाळा काढली. कोणीही, कोठेही, केव्हाही आणि कशाचेही इकेबाना करू शकतो, हे त्या शाळेचे सूत्र. दुसऱ्या महायुद्धात जपानची शहरे जळून गेली. फुले कोठून आणणार? सोफूने गंजलेले लोखंड घेतले, ओंडके घेतले, झाडांची उपटलेली मुळे घेतली. अमेरिकन सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या बायका त्याच्याकडे शिकावयास येऊ लागल्या आणि कला जपानाबाहेर गेली. १९५६ साली तोक्योत इकेबाना इंटरनॅशनल ही संस्था स्थापन झाली ती त्यांच्यापैकीच एका बाईच्या पुढाकाराने. सोफूचा मुलगा हिरोशी आधी चित्रपट काढीत असे आणि नंतर शाळेचा प्रमुख होऊन बांबूची भली मोठी बोगदेवजा बांधकामे करू लागला. त्यालाही तो इकेबानाच म्हणे. कडव्या लोकांना हे फार झाले असे वाटले असेल. मलाही थोडे वाटते.

मी शिकले ती मुंबईला. १९८३ साली यजमानांची तेथे बदली झाली होती. आमच्या मजल्यावरच्या एक बाई जपानात राहून आल्या होत्या आणि दर गुरुवारी चार-पाच जणींना शिकवीत. पहिले तीन महिने त्यांनी एकाच गोष्टीवर घालवले. ती गोष्ट म्हणजे कापणे. देठ पाण्याखाली धरून कापावयाचा, म्हणजे देठाच्या नळीत हवा शिरत नाही आणि फूल दोन दिवस जास्त टिकते. आणि घेतलेल्या डहाळीची निम्मी पाने काढून टाकावयाची. काढावयाला हात धजत नसे. आपल्याकडे देवाची परडी भरून वाहावी, गजरा दाट असावा, हार जाड असावा, हा संस्कार. एकेक पान काढताना कोणाचे तरी ताट अर्धे वाढल्यासारखे वाटे.

ग्वाल्हेरीत परतले तेव्हा पहिली अडचण आली ती केनझानची. केनझान म्हणजे शिशाच्या जड चकतीत उलटे रोवलेले पितळी खिळे. त्यावर देठ टोचून उभा करावयाचा. ही वस्तू लष्करात मिळण्याचा संभवच नव्हता. एका ठठेऱ्याला मी कागदावर चित्र काढून दाखवले. त्याने बराच वेळ पाहून विचारले, "साधू बाबा के लिए है क्या?" त्याला बाणशय्येवरच्या भीष्मासारखे काही तरी वाटले असावे. पण करून दिली, आणि ती चकती आजही वापरात आहे. ज्यांना इतका खटाटोप नको त्यांनी उथळ पात्रात जाड वाळू भरावी आणि वर चार गोटे ठेवावेत. उंच पात्र असेल, उदाहरणार्थ तांब्या किंवा सुरई, तर कडुनिंबाचे दुबेळके बेताने कापून तोंडाच्या आत आडवे अडकवावे; देठ त्याच्या बेचक्यात बसतो. बाजारात हिरवा स्पंज मिळतो तो मात्र आणू नये. त्यात कोठेही काहीही खुपसता येते, म्हणून विचार करावा लागत नाही, आणि तो कुजतही नाही. महिनाभराने परसात पुरला तरी जसाच्या तसा निघतो.

मापे सांगते, म्हणजे सुरुवात करता येईल. सोगेत्सुच्या प्राथमिक रचनेत तीन मुख्य काड्या. सर्वांत उंच ती शिन, मधली सोए, आखूड हिकाए. पात्राची रुंदी आणि उंची मिळवावी, त्या बेरजेची दीडपट ही शिनची लांबी. सोए शिनच्या पाऊणपट, हिकाए सोएच्या पाऊणपट. घरची परात १२ इंच रुंद आणि २ इंच उंच असेल तर बेरीज १४, शिन २१ इंच, सोए पावणेसोळा आणि हिकाए बारा इंचांना थोडी कमी. शिन उभ्या रेषेपासून १५ अंश कलती, सोए ४५ अंश, हिकाए ७५ अंश म्हणजे जवळजवळ आडवी. ह्या तिघींच्या मध्ये जे मोकळे राहते ते भरावयाचे नाही. चारही काड्या शक्यतो नसाव्यात. जपानी भाषेत चार ह्या आकड्याचा उच्चार मृत्यूसारखा होतो. विषम संख्या बरी. आपली गणपतीची पत्रीही एकवीस असते.

मोकळी जागा भरावयाची नाही, हे मात्र लष्करच्या लोकांना समजावून देणे सोपे जाते. येथे प्रत्येक घरात कोणी ना कोणी गाणे ऐकलेला असतो. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी येथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. त्या आणि माधव संगीत महाविद्यालयाच्या आसपास ज्यांचे बालपण गेले त्यांना गवई कोठे थांबला आणि का थांबला हे कळते. माझे सासरे फुलांच्या भानगडीत कधी पडले नाहीत, पण एकदा बैठकीत येऊन परातीतली रचना पाहून म्हणाले, "ह्या डावीकडच्या पानाने उगीच तान घेतली आहे." पान काढले. बरोबर होते त्यांचे.

आता सामग्रीविषयी. पुस्तकांतून पाइन, चेरी, आयरिस अशी नावे येतात आणि आपल्या भगिनी निराश होतात. ग्वाल्हेर हा काट्यांचा मुलूख आहे. शहराबाहेर कोणत्याही बाजूला गेले तरी बाभूळ, खैर, बोर आणि करील. ह्या करीलाला महाराष्ट्रात नेपती म्हणतात. झाडाला पाने जवळजवळ नसतातच, नुसत्या हिरव्या काड्यांचे जाळे. आणि फाल्गुन-चैत्रात त्या काड्यांवर विटकरी-लाल फुले येतात. पुढे त्यालाच टेंट्या लागतात, त्यांचे लोणचे येथे घरोघर होते. जपानी माणसाला करील दाखवले तर तो त्याची पाने काढण्याचे श्रम वाचले म्हणून आनंदाने उड्या मारील. माझ्या मते शिनसाठी करीलासारखी काडी नाही. फक्त हातमोजे घालावेत.

दुसरे झाड करधई. चंबळच्या भागातल्या टेकड्या उन्हाळ्यात राखी दिसतात त्या ह्या झाडामुळे. त्याच्या फांद्या खाली झुकलेल्या, बारीक, कोरड्या. वाटते झाड मेले. पण हवेत ओल आली की पाऊस पडण्याआधीच ते पालवू लागते. मी जेठातली एक कोरडी फांदी नुसती सुरईत उभी करून ठेवली होती, बाकी काही नाही. आषाढ लागता लागता तिच्या एका टोकाला दोन पाने आली. ह्याला माझे कौशल्य काय?

उन्हाळ्यात तर फुलांच्या नादी लागूच नये. पारा ४५ च्या वर जातो, तिघऱ्याच्या धरणात पाणी उतरते, नळाला एक दिवसाआड पाणी येते असे कितीतरी उन्हाळे आम्ही काढले. अशा दिवसांत मोगऱ्याला पाणी घालावे की माणसांना, हा प्रश्न असतो. त्या दिवसांत मी काड्या, शेंगा आणि लोखंड घेऊन बसते. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगा तडकून तीन धारांनी उघडतात. वाळलेली, बी झालेली भेंडी तर कोरीव कामासारखी दिसते. केरसुणीतल्या दहा काड्या सोडवून वाकवल्या की पाण्यावरची लाट होते. (केरसुणी लक्ष्मी असते, तेव्हा नवीतल्या घेऊ नयेत, जुनीतल्याही संध्याकाळी घेऊ नयेत. मी दुपारी घेते.) लोखंड कबाड्याकडे मिळते. एकदा त्याच्याकडे ग्वाल्हेरच्या छोट्या गाडीच्या रुळाचा खिळा मिळाला. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून श्योपूरपर्यंत जाणारी आपली ती गाडी २०२० साली थांबली, हे वाचकांना माहीत आहेच. त्या खिळ्याला टेकून मी एक वाळके कणीस उभे केले. बिर्लानगरच्या जे. सी. मिलच्या लाकडी बॉबिनीही मजजवळ तीन आहेत. गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी आठवण म्हणून आणल्या होत्या, पुढे त्यांना ठेवावयाला जागा नव्हती. वर्षानुवर्षे सूत घासून लाकूड असे गुळगुळीत झाले आहे की त्यात एक गवताची पाती ठेवली तरी पुरे होते.

हिवाळा म्हणजे भाजीबाजार. फुलून आलेला मुळा कोणी घेत नाही. त्याची पांढरी-जांभळट फुले ग्वाल्हेर पॉटरीजच्या जुन्या पांढऱ्या बरणीत इतकी शोभतात की खरोखरीच्या फुलांनी लाजावे. बी धरलेली कोथिंबीर, मटारीचा वेल, कोंब आलेला कांदा. कांदा पाहून एका बाईंनी विचारले होते की, आज स्वयंपाकाला उशीर झाला का? मी हो म्हटले.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कशाचेही इकेबाना होते ह्याचा अर्थ काहीही ठेवले की इकेबाना झाले असा नव्हे. एका महिला मंडळाच्या स्पर्धेत मी परीक्षक होते. एका रचनेत प्लॅस्टिकचा बगळा, काचेच्या गोट्या, रंगवलेले मक्याचे कणीस आणि विजेच्या माळेचे दिवे होते. शेजारी पाटीवर नाव होते ‘टाकाऊतून टिकाऊ’. त्यात टाकाऊ एकही वस्तू नव्हती, सगळे बाजारातून आणलेले. दुसऱ्या एका मुलीने फुटक्या कुल्हडात पाण्याच्या नळाजवळ उगवलेला दूर्वांचा झुबका ठेवला होता, बस. मी तिला पहिले बक्षीस दिले. त्यानंतर मला परीक्षक म्हणून बोलावणे आले नाही.

माझ्या ह्या छंदाला घरात सर्वांत जास्त विरोध होता तो माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. त्यांना सगळे माई म्हणतात. आज त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. मी मुंबईहून आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांच्या संध्येच्या पंचपात्रात एक कर्दळीचे पान उभे केले होते. माईंनी ते पाहिले, पान उचलून तुळशीत ठेवले, पंचपात्र चिंचेने घासले आणि जागेवर ठेवून मला म्हणाल्या, "अगं, फूल एक तर देवाला, नाही तर केसांत. मधली जागा त्याला नाही." एवढेच. पुढे चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या एकाही रचनेकडे मान वळवून पाहिले नाही. त्या रागावलेल्या नव्हत्या. माझ्या आजारपणात सहा आठवडे माझे सगळे त्यांनी केले. पण बैठकीतून जाताना त्या परातीकडे अशा पाहत नसत, जसे एखाद्याच्या घरी पत्र उघडे पडलेले असावे आणि आपण ते वाचू नये.

त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे फुलाला काम असते. ते कोणाला तरी दिलेले असते. नुसते पाहण्यासाठी फूल तोडणे ह्यात थोडी चैन आहेच, आणि ती मी करीत आले.

आमचा वाडा गोरखीच्या मागच्या अंगाला. वाडा म्हणावयाचे म्हणून. दोन चौक, दगडी फरश्यांचे छत आणि तुळया वाळवीने खाल्लेल्या. चार हिस्से. एक हिस्सा पुण्याला, एक इंदूरला, एकाची मुले अमेरिकेत. आमच्या आळीतली अशी किती घरे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गेली ती मोजावयाला बसले तर हाताची बोटे पुरत नाहीत. आमचेही विकावयाचे ठरले. कोणाचे भांडण झाले नाही, ही देवाची कृपा. सह्या झाल्या, आणि दसऱ्यानंतर ताबा द्यावयाचा ठरला.

वाडा रिकामा करताना जड सामानाची अडचण होत नाही, त्याला गिऱ्हाईक मिळते. अडचण भांड्यांची. माजघरात सगळी मांडली तेव्हा चालावयाला वाट उरली नाही. पराती, सतेली, बंब, ठोक्याचे हंडे, कळशा, शंभर माणसांच्या पंक्तीचे वाढप. फ्लॅटमध्ये कोण ठेवणार? प्रत्येक हिश्शाने एक-दोन गोष्टी आठवण म्हणून घेतल्या आणि बाकीचे मोडीत द्यावयाचे ठरले. त्यात आंघोळीचे तांब्याचे घंगाळ होते. मोठ्या कड्यांचे, तळाशी भोक पडलेले. माझे यजमान, त्यांचे भाऊ, आमची मुले, सगळ्यांचे पहिले न्हाण त्यात झालेले. तळाला दोनदा डाग लावून आणला होता, तोही गळला. ते कोणालाच नको होते. मी म्हटले, मला द्या. माई म्हणाल्या, "मोडीचा भाव दे आणि ने." हिस्से चौघांचे, त्यामुळे त्यांचे बरोबर होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस चौकाच्या भिंतीची पाहणी करावयाला आला. भिंतीच्या चिरेत पिंपळ उगवला होता. माईंनी तो दहा वर्षे कोणाला तोडू दिला नव्हता. पिंपळ तोडू नये म्हणून दर शनिवारी त्याला पाणी घालीत आणि भिंत आणखी फाटत जाई. त्या माणसाने आम्हाला न विचारता पहारीने तो मुळासकट उपटला आणि चौकात टाकला. तीन-सव्वातीन फूट लांब, खाली मुळांचा पसारा, त्या मुळांच्या बोटांत चुन्याचे आणि विटांचे खडे घट्ट धरलेले.

माई काही बोलल्या नाहीत. आत जाऊन बसल्या.

मी घंगाळ चौकात ओढले. तोंड १६ इंच, उंची ९. बेरीज २५, शिन साडेसदतीस इंच. मोजून कापावयाची गरजच पडली नाही, दोन पेरे काढली तेवढेच. भोक पडलेल्या तळाला पाणी राहणार नाही म्हणून आत एक सतेले ठेवले, त्यात माझी शिशाची चकती, वर पाणी. पिंपळ मुळासकट घंगाळाच्या काठावर असा टेकवला की मुळे बाहेर लोंबावीत आणि शेंडा छताच्या मोकळ्या चौकोनाकडे जावा. पूर्वसंध्येला मांढरेच्या मातेकडून सोने म्हणून आणलेली शमीची (येथे हिला छोंकर म्हणतात) एक काटेरी डहाळी होती, तिची सोए केली. नदीकाठचा पांढरा कास मुलाने आणून दिला, तो आडवा. आणि तोरणातले तीन झेंडू खाली, पाण्यालगत. दीड तास गेला. काही तरी चुकत होते आणि काय ते सापडत नव्हते. मी झेंडू डावीकडे नेले, उजवीकडे नेले, शेवटी आहेत तेथेच ठेवले.

माई केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते मला कळले नाही. बराच वेळ पाहत होत्या असे वाटते. मग वाकल्या, आणि त्यांना वाकावयाला आता त्रास होतो, तीन झेंडूंतला मधला उचलला आणि तो घेऊन देवघरात गेल्या. देव आदल्या दिवशीच इंदूरला गेले होते, कोनाडा रिकामा होता. त्या कोनाड्यात त्यांनी ते फूल ठेवले. परत येऊन म्हणाल्या, "कोनाडा रिकामा ठेवू नये." आणि घंगाळाकडे बघत, "आता बरं दिसतंय."

दोनच झेंडू उरले होते, सम संख्या. माझ्या मुंबईच्या बाईंनी हे चालू दिले नसते. पण मी ते तसेच राहू दिले, आणि आजवर केलेल्यांपैकी त्याच एका रचनेचा फोटो मी काढून ठेवला आहे.

चार वाजता मोडीवाला काटा घेऊन आला. सगळी भांडी तोलली गेली. घंगाळापाशी येऊन तो म्हणाला, "इसमें तो पेड़ लगा है," आणि पुढे गेला. माईंनी त्याला परत बोलावले, सगळे काढावयास लावले आणि घंगाळ काट्यावर चढवले. साडेचार किलो भरले. तो आकडा त्यांनी हिशेबाच्या वहीत माझ्या नावापुढे लिहिला, भावाने गुणले आणि पैसे माझ्याकडून मोजून घेतले.

पिंपळ आम्ही दोघींनी रिक्षातून फुलबागेकडे नेऊन एका देवळाच्या आवारात लावला. पुजाऱ्याने हरकत घेतली नाही. जगला की नाही ते पाहावयाला माई शनिवारी जातात.